पावती कोणी द्यावयाची?

काचीगुड्यातील आमचे जुने घर पाडून तेथे सदनिकांची इमारत उभी करावयाचे ठरले, तेव्हा तीन पिढ्यांच्या साठलेल्या वस्तूंचे काय करावयाचे, हा प्रश्न घरापुढे उभा राहिला. आपल्या हैदराबादी मराठी कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. शालीबंडा, गौलीगुडा, इसामिया बाजार, सुलतान बाजार येथील चौकाची नि माडीची घरे एकेक करून जात आहेत. मुले पुण्यास, बंगळुरास, नाही तर समुद्रापलीकडे स्थायिक झालेली. सागवानी कपाटे, पितळी हंडे, माजघरातले फडताळ यांना सदनिकेत जागा नाही, आणि मोडीत घालावे तर हात धजत नाही.

आमच्या घरी आजोबांचे एक बैठे शिसवी डेस्क होते. उतरते झाकण, आत दौतीसाठी खोबण, आणि चोरकप्पा. नातवाने त्याची छायाचित्रे काढून जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर टाकली आणि किंमत लिहिली साडेनऊ हजार रुपये. अर्ध्या तासात दूरध्वनी आला. बोलणारा म्हणाला, आपण सैन्यात असून बदलीवर आलो आहोत; छावणीतून बाहेर पडावयास सवड नाही; पैसे आत्ताच पाठवितो, वस्तू उद्या गाडी येऊन नेईल. त्याने घासाघीस केली नाही. डेस्कास वाळवी लागली आहे काय, एवढेही विचारले नाही. गणवेषातील छायाचित्र आणि ओळखपत्र मात्र न मागता पाठविले. फोन माझ्या धाकट्या भावजयीच्या हाती होता. ‘माताजी, आधी खात्री करून घ्या,’ असे म्हणून त्याने पाच रुपये पाठविले. ते खरोखरच जमा झाले. मग काळ्या-पांढऱ्या चौकटींचे एक चित्र आले. ‘यावर फोन धरा, रक्कम दिसेल, आपला गुप्तांक घाला, म्हणजे पैसे खात्यात पडतील.’ तिने तसे केले आणि साडेनऊ हजार रुपये गेले. ‘अरेरे, उलटे झाले! पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा एकदम परत येतील,’ असे तो म्हणाला. तिने पुन्हा केले. एकोणीस हजार रुपये गेल्यावर तो फोन कायमचा बंद झाला. डेस्क जागचे हलले नव्हते.

बिचारी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. पैशापेक्षा शरमेचा घाव मोठा. ‘एवढी शिकलेली बाई आणि…’ हे वाक्य कोणी उच्चारले नाही, परंतु घरात ते सर्वांना ऐकू येत होते. मला मात्र त्या दिवसापासून एक वेगळाच प्रश्न छळू लागला. आपले पूर्वज जुन्या वस्तू विकत नव्हते काय? अनोळखी माणसाकडून, दूरच्या गावाहून पैसे घेत नव्हते काय? मग त्यांस या तऱ्हेने लुबाडणे अवघड का होते? ते अधिक शहाणे होते, हे उत्तर मला पटत नाही. त्यांच्या काळी ठग कमी होते म्हणावे, तर तो तर ठगांचाच काळ.

वस्तूच्या बाजूने पाहू गेल्यास, आपल्या धर्मशास्त्राने जुन्या मालाच्या विक्रीत फसवणुकीचे भय मुख्यतः घेणाऱ्याच्या बाजूने मानलेले दिसते. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ‘अस्वामिविक्रय’ हे एक स्वतंत्र पद आहे. अस्वामिविक्रय म्हणजे जो मालक नाही त्याने केलेली विक्री. याज्ञवल्क्याने याविषयी मोठा व्यवहारी दंडक घातला. ज्याच्याजवळ अशी वस्तू असणे संभवत नाही अशा माणसाकडून, एकांतात, फार स्वस्तात किंवा अवेळी जो खरेदी करतो, तो स्वतःच चोर समजावा. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळी कल्याणीस लिहिली. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याचे गाव. बहुतेक हिंदुस्थानातील न्यायालयांनी शतकानुशतके जिचा आधार घेतला ती टीका आपल्या उंबरठ्यावर लिहिली गेली, हे आपण फारसे आठवत नाही. असो. सांगावयाचे ते एवढेच की, जुनी वस्तू विकणाऱ्यास शास्त्राने फारशी सावधगिरी शिकविली नाही. वस्तू त्याच्या हाती होती. मोल हाती पडल्याखेरीज ती सोडावयाची नाही, एवढे त्याला पुरे होते.

हैदराबादेत हा व्यवहार जेथे उघड्यावर चाले आणि आजही चालतो, ती जागा म्हणजे जुमेरात बाजार. इब्राहीम कुतुबशहाने १५७८ साली मुसीवर बांधलेल्या पुराण्या पुलाच्या आसपास दर गुरुवारी भरणारा हा बाजार ठाऊक नसेल असा जुना हैदराबादकर विरळा. मोडकी घड्याळे, कुलुपाविना किल्ल्या नि किल्लीविना कुलुपे, बिदरी हुक्क्याची बैठक, सुतारी हत्यारे, एका पायाची खुर्ची, काय नसे तेथे! लहानपणी आजोबांबरोबर मी जात असे. आजोबा दप्तरातले कारकून, वागणे मोजके. तेथे गिऱ्हाईक वस्तू हातात घेई, उलटी करी, ठोकून पाही, नाक मुरडून चार पावले पुढे जाई आणि परत येई. ही सारी वेळखाऊ कवायत आम्हा मुलांना कंटाळवाणी वाटे. आता कळते की, त्या अर्ध्या घटकेत विकणारा गिऱ्हाइकाला पारखून घेत असे. जो वस्तू पाहत नाही, त्याला वस्तू नको आहे, हे जुमेरात बाजारात बसणाऱ्या कोणाही माणसास सांगावे लागले नसते.

विकणाऱ्यास तेथे खरी धास्ती होती ती नाण्याची, आणि आपल्या संस्थानात ती लहानसहान नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या मुलखात टाकसाळींचा सुळसुळाट झाला होता. सावकारांना आणि संस्थानिकांना टाकसाळी चालविण्याचे परवाने मिळत. नारायणपेठेस, गदवालास, औरंगाबादेस नाणी पडत. नारायणपेठेच्या रुपयावर दिलशादाबाद हे नाव उमटे. औरंगाबादची टाकसाळ काही काळ पेस्तनजी या पारशी सावकाराच्या हाती होती, म्हणून तेथला रुपया ‘पेस्तनशाही’. याखेरीज गोविंदबक्षी, बागचलनी, हुकूमचलनी अशी कितीतरी नावे. प्रत्येकाचे वजन नि कस वेगळा आणि बट्टाही वेगळा. अशा बाजारात साध्या माणसाने पैसे मोजून घेतले तरी पैसे मिळाले असे होत नसे.

म्हणून विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये सराफ बसे. रुपया दगडावर आपटून तो कान देई. चांगला रुपया खणखणे, खोटा बद्द वाजे. मग वजन, मग कसोटी; पटले म्हणजे काही सराफ नाण्यावर आपली बारीकशी खूण ठोकीत. जुन्या रुपयांवर अशा खुणा पाहावयास मिळतात. ‘खणखणीत’, ‘वाजवून घेणे’, ‘कसास उतरणे’ हे आपले रोजचे शब्द त्याच पेढीवरून आलेले आहेत. सराफ धर्मार्थ बसत नव्हता. बट्टा घेई, आणि दोघांच्याही अज्ञानावर त्याची चैन चाले. तरीही तो एक तिऱ्हाईत होता. गल्लीतला, ओळखीचा, आणि उद्या दुकान बंद करून नाहीसा न होणारा.

सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले. त्यांनी या गोंधळास हळूहळू आळा घातला, नाणी पाडण्याचे काम सरकारकडे एकवटले आणि ‘हाली सिक्का’ म्हणजे चालू नाणे रूढ झाले. पुढे चारमिनारचे चित्र असलेला रुपया आला, १९०३ च्या सुमारास सैफाबादेस यंत्राची टाकसाळ उभी राहिली, १९१८ पासून कागदी नोटा निघाल्या आणि ‘उस्मानिया सिक्का’ हे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु खोट्या नाण्याची कटकट कमी झाली, तरी दुसरी एक उरलीच. इंग्रजी मुलखाचा रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून ‘कलदार’, तो वेगळा. सरकारी हिशेबात शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सुलतान बाजाराचा भाग १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून इंग्रज रेसिडेंटाच्या अधिकाराखाली होता. म्हणजे मुसीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाताना नुसते राज्य नव्हे, रुपयाचा अर्थही बदले. आपली बहुतेक कुटुंबे याच दोन काठांवर राहिली. शंभर रुपयांना ठरलेली वस्तू कलदाराच्या समजुतीने दिली आणि हातात हाली पडले, तर चौदा रुपयांवर नुकसान. त्या काळी एवढ्यात कारकुनाच्या घरचा किराणा भरत असे.

म्हणून आमच्या आजोबांचा पहिला प्रश्न किमतीचा नसे. कोणी आकडा उच्चारला की ते शांतपणे विचारीत, ‘हाली की कलदार?’ हाली गेले तरी ही सवय गेली नाही. १९५० पासून भारतीय रुपया सात हालीस सहा या दराने बरोबरीने चालू लागला, पुढच्या वर्षी हाली काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ते चलनातून कायमचे रद्द झाले. तरीही साठीच्या दशकात लग्नाच्या याद्या करताना आजोबा तोच प्रश्न टाकीत आणि आम्ही हसत असू. मात्र तो प्रश्न नुसता नाण्याबद्दलचा नव्हता. समोरचा माणूस जे म्हणतो आहे आणि माझ्या हातात जे पडणार आहे, ते एकच आहे काय, हे विचारण्याची ती रीत होती.

समोरासमोरच्या व्यवहाराचे हे झाले. दूरच्या पैशासाठी हुंडी होती, आणि आमच्या घरच्या दुर्दैवाचा उलगडा मला शेवटी तेथेच झाला. ग्रंथसंग्रहालयातून आणलेल्या जुन्या पुस्तकांत आणि आजोबांच्या डेस्कातच सापडलेल्या मोडी कागदांत मी काही आठवडे डोके घालून बसलो होतो.

हुंडीचा व्यवहार आजच्या पिढीस ठाऊक नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. औरंगाबादच्या पेढीने हैदराबादच्या पेढीवर कागद लिहावयाचा, की अमक्यास इतके रुपये द्यावेत. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. रक्कम एकदाच लिहून भागत नसे. ‘रुपये शंभर, निमे पन्नास, यांचे दुप्पट’ असे घोळून घोळून लिहीत, म्हणजे कोणी एक शून्य वाढविले तरी निमे आणि दुप्पट चुगली करीत. हुंडी लिहिली आहे याची खबर देणारे पत्र वेगळ्या वाटेने जाई. हुंडी हरवली तर पैठ आणि तीही हरवली तर परपैठ लिहून मिळे. शहाजोग हुंडीची युक्ती तर फारच मार्मिक. ती कोणीही आणून पैसे नेऊ शकत नसे. बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्या हातीच पैसे द्यावयाचे. पुढे हुंडी खोटी ठरली, तर त्या शहाला गाठून पैसे परत मागता येत. म्हणजे ओळख हा नुसता शिष्टाचार नव्हता, तोच तारण होता. इंग्रजांनी १८८१ साली परक्राम्य लेखांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतील अशा लेखांबाबतच्या स्थानिक रूढींना त्यांनी हात लावला नाही.

या साऱ्या व्यवहारात कोणी काय लिहावयाचे, हे पक्के ठरलेले होते. ज्याच्यावर हुंडी काढली तो, म्हणजे पैसे देणारा, ती ‘सकारी’. सकारणे म्हणजे ‘होय, मी देतो’ असे म्हणणे. ज्याला पैसे मिळावयाचे, त्याला सकारण्याचे काहीच कारण नसे. रक्कम हातात मोजून घेतल्यानंतर तो एवढेच लिहून देई, ‘भरून पावलो.’ मग ती हुंडी निकालात निघे. तिला खोका म्हणत आणि ती पैसे देणाऱ्याच्या दप्तरी राही. होकार देणाऱ्याचा आणि पावती घेणाऱ्याची, तीही पैसे मिळाल्यानंतर. हा क्रम उलटलेला एकही कागद माझ्या पाहण्यात आला नाही.

आणि हा क्रम आपल्या लोकांच्या मनात किती खोल रुजला होता, त्याची साक्ष पेढीपेक्षा देवळात अधिक मिळते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांना लुटू दिली, तेव्हा विठोबा महाराचा वेष घेऊन बिदरास गेला, धान्याचे मोल मोजून दिले आणि बादशहाकडून पावती घेतली. ही कथा आपण सारे कीर्तनांतून ऐकत आलो. गोवळकोंड्यात रामदासाची कोठडी आजही दाखवितात. भद्राचलमचे मंदिर बांधण्यासाठी सरकारी वसूल खर्ची घातला म्हणून कंचर्ल गोपन्ना तेथे कैदेत पडले, तेव्हा राम-लक्ष्मण रात्री तानाशहापुढे येऊन रक्कम भरून गेले, आणि तेही पावती घेऊनच. तानाशहाची कारकीर्द १६७२ ते १६८७. एक कथा मराठी, एक तेलुगू. एक बिदरची, एक गोवळकोंड्याची. दोन्हीकडे देव पैसे देतो आणि बादशहा घेतो. पण बादशहाने पैसे घेण्यासाठी आधी काही करावयाचे असते, असे कोठल्याच कीर्तनकाराला सुचले नाही. ते ऐकणाऱ्या शेतकऱ्याला पटलेच नसते.

मधल्या काळात टपाल आले. इंग्रजी मुलखात १८७७ पासून मूल्यदेय टपालाची, म्हणजे व्ही.पी.ची सोय झाली आणि १८८० पासून टपाल खात्याची मनीऑर्डर. पुस्तके नि औषधे व्ही.पी.ने मागविण्याचे आपल्या घरांतले वेड सर्वश्रुत आहे. पुडक्यात मालाऐवजी रद्दी निघाल्याच्या कथाही तितक्याच. परंतु तेथेही सोसणारा घेणारा होता. विकणाऱ्याचे पैसे पोस्टमनच्या पिशवीतून सुखरूप येत. सराफाच्या जागी पोस्टमन उभा राहिला, एवढेच. त्यानंतर बँका. हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्याने स्थापन झाली, १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. तिच्या गनफाउंड्रीच्या इमारतीतील जाळीमागचा रोखपाल हाही एक तिऱ्हाईतच होता. मोजून घ्या म्हणे, आणि आपण मोजून होईपर्यंत थांबे.

एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय पेमेंट्स निगमाने यूपीआय ही व्यवस्था सुरू केली आणि त्याच वर्षीच्या नोटाबंदीनंतर ती घरोघर पोहोचली. तिची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. भाजीवाल्यापासून देवस्थानापर्यंत सर्वांची तिने सोय केली. ती चौकटींची खूण, म्हणजे क्यूआर कोड, १९९४ साली जपानात मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी शोधली गेली. तिच्यात जादू काहीच नाही. आपल्या व्यवहारापुरते पाहिले, तर पैसे ज्याला द्यावयाचे त्याचा पत्ता आणि कधी रक्कम, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. थोडक्यात, ती हुंडीवरच्या नावासारखी आहे. तिच्यावर फोन धरणारा नेहमी देणारा असतो. गुप्तांक घालणे म्हणजे सकारणे. २०२५ पासून काही ठिकाणी गुप्तांकाऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहराही चालतो, तोही सकारच. गुप्तांक लागतो तो पैसे देताना, किंवा आपल्याच खात्यातील शिल्लक पाहताना. पैसे येताना काहीच लागत नाही. आमच्या भावजयीला आलेल्या पाच रुपयांसाठी तिने कोठे गुप्तांक घातला होता? ते आपोआप येऊन पडले होते. आमिष म्हणून टाकलेल्या त्या पाच रुपयांतच पुढच्या एकोणीस हजारांचा इशारा होता, पण तो वाचण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नाही.

आता त्या गणवेषाकडे पाहू. तो ‘शहा’चा वेष होता. ज्याच्याविषयी प्रश्न विचारणेच अप्रशस्त वाटावे, अशा माणसाचे सोंग आणि समोर न येण्यास सबळ कारण, दोन्ही एकाच कपड्यात. जुन्या काळी शहा कोण हे बाजार सांगे. आता शहाच स्वतःचे ओळखपत्र पाठवितो. याच घराण्यातील इतर युक्त्याही ध्यानात घेण्याजोग्या आहेत. कोणी ‘चुकून दहा हजार जास्त पाठविले, तेवढे परत करा’ म्हणतो. जमा झाल्याचा संदेश मात्र बँकेचा नसतो, त्याच्याच फोनवरून आलेला असतो. कोणी पैसे दिल्याचे बनावट चित्र दाखवितो. कोणी फोनमध्ये असे साधन उतरवून घ्यावयास लावतो, की आपला फोन त्याला तिकडे बसून दिसतो. आणखी एक वाट होती पैशाची मागणी पाठविण्याची, आणि त्या मागणीवर ‘आपणास रक्कम मिळेल’ असा मजकूर तोच लिहून ठेवी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय राष्ट्रीय पेमेंट्स निगमाने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. उशिरा का होईना, एक भोक बुजले. क्यूआरचे मात्र बुजणारे नाही, कारण ते भोक यंत्रात नाही.

या सर्वांवर आजोबांचा एकच प्रश्न पुरतो. खात्यात काय पडले ते बँकेच्या पुस्तकात, स्वतःच्या डोळ्यांनी, फोन ठेवून पाहावे. संदेश हाली असतो, खाते कलदार.

हे सारे मी आपल्याच लोकांसाठी का लिहितो, त्याचे खास कारण आहे. आपल्या घरांतील डब्यांतून, देव्हाऱ्याखालच्या पेटीतून अजूनही चारमिनार छापाचे रुपये निघतात. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी तेच मांडलेले असतात. अशा नाण्यांना लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिराती फोनवर येतात. नाण्याचे छायाचित्र पाठवा, किंमत मंजूर झाली, आता रकमेवरील कर किंवा दलाली तेवढी आधी भरा, असा क्रम. काही ठिकाणी रिझर्व्ह बँकेचे नावही घातलेले असते. या प्रकाराविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला, की अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपण असले शुल्क किंवा दलाली कोणाकडून मागत नाही. येथेही क्रम तोच उलटा: ज्याला मिळावयाचे त्यानेच आधी द्यावयाचे. आपल्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंनी सासूच्या हातचे पाच हाली रुपये विकण्यासाठी चार हप्त्यांत ‘कर’ भरला. ते पाच रुपये त्यांच्यापाशीच आहेत, पण त्यांच्याकडे पाहणे त्यांनी सोडून दिले आहे.

फसगत झालीच, तर करावयाचे ते तासा-दोन तासांत. १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे. तेथे ताबडतोब कळविले, तर पैसा पुढच्या खात्यातून काढला जाण्यापूर्वी थोपविण्याचा प्रयत्न होतो. तेलंगणात २०२३ पासून यासाठी स्वतंत्र सायबर सुरक्षा ब्यूरोही आहे. बँकेकडून मात्र फार आशा ठेवू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारात त्याला संरक्षण दिले खरे, पण ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याच्यावरच पडते. आपणच गुप्तांक घातला असेल, तर बँकेच्या लेखी आपणच सकारले. आमच्या घरी ते दोन दिवस शरमेत गेले. तिसऱ्या दिवशी तक्रार नोंदविली तेव्हा पैसे चार खात्यांतून फिरून निघून गेले होते. पहिल्या तासात भावजय बोलली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. ती का बोलली नाही हे मात्र सांगता येते, आणि त्यात दोष तिचा नाही, आमचा आहे. घरातले कोणी फसले की आपण आधी हसतो, मग उपदेश करतो. तोवर पैसा गावाबाहेर पडतो.

डेस्क अखेर विकले गेले. पुस्तक-बांधणीचे काम करणारे एक वयस्क गृहस्थ स्वतः आले. त्यांनी झाकण उघडून पाहिले, आतून बोट फिरविले, पायाशी ठोकून वाळवीची परीक्षा केली, किंमत ऐकून नाक मुरडले आणि दारापर्यंत जाऊन परतले. पाऊण तास मोडला. सहा हजार आठशेवर सौदा तुटला. पैसे कसे हवेत, असे त्यांनी विचारले, तेव्हा भावजय आतून आली आणि म्हणाली, ‘फोनवरच पाठवा.’ आम्ही सारे तिच्याकडे पाहू लागलो. त्यांनी आमच्या फोनवरील चौकटींवर आपला फोन धरला आणि आपला गुप्तांक घातला. तिने खाते उघडून आकडा दोनदा वाचला, मग माझ्याकडे पाहून मान हलविली.

हमालाने डेस्क उचलले. ते गृहस्थ थांबूनच होते. ‘साहेब, पावती?’ ते म्हणाले. मी कागद घेतला. लिहावयास डेस्क उरले नव्हते, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिले: रुपये सहा हजार आठशे, निमे तीन हजार चारशे, यांचे दुप्पट, भरून पावलो.